पातळ तलवारीचा कागद

मी एक कागद बोलतोय. चित्रकलेच्या वहीत असतो तसा जाड, एका बाजूला कोरा, दुसऱ्या बाजूला चौकटींनी भरलेला आणि मधल्या घडीवर फाटायला आलेला. कागदाचं काय एवढं आयुष्य, असं तुम्ही म्हणाल. खरं आहे. आमच्यातले बहुतेक जण पुड्या बांधण्यात नाहीतर रद्दीत जातात, आणि त्याबद्दल कुणी कुरकुर करत नाही. पण माझ्यावर एक मुलगी तीन वर्षं जगली आणि माझ्यावरच मेली. खेळातली मुलगी, खरी नव्हे. तरी तिला अंगावर वागवताना मला ती कधी खोटी वाटली नाही.

आधी खेळ सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. चार माणसं टेबलाभोवती बसतात. एक जण गोष्ट चालवतो. समोर नदी आहे, नदीवर पूल आहे, पुलावर पहारेकरी आहे, असं तो सांगत जातो. बाकीचे तिघे आपल्या मनातलं एकेक माणूस घेऊन त्या गोष्टीत शिरतात. त्या माणसाची ताकद किती, चपळाई किती, हातात कोणती तलवार, अंगात जीव किती उरलाय, हे सगळं एका कागदावर लिहिलेलं असतं. "मी उडी मारून त्याच्या मागे जाते," असं तोंडाने म्हणायचं आणि वीस बाजूंचा फासा टाकायचा. फाशाच्या आकड्यात आपला गुण मिळवायचा. बेरीज पुरेशी झाली तर उडी साधली, नाहीतर आपटलात.

मी अशाच एका मनातल्या माणसाचा कागद. तिचं नाव सुई.

मला घडवलं काटेसाहेबांनी. हे त्यांचं खरं नाव नव्हे, बाजारातल्या दुकानदारांनी पाठीमागे ठेवलेलं. साहेब वजनमापं तपासणारे सरकारी निरीक्षक. ऑफिसातली टाचणीसुद्धा घरी आणायची नाही, हा त्यांचा बाणा. म्हणून त्यांनी मला पदरमोड करून विकत आणलं, पोलादी पट्टीने चौकटी आखल्या, चौकटींची नावं शाईने लिहिली आणि आकड्यांच्या जागा पेन्सिलीसाठी मोकळ्या सोडल्या. मग मला मुलीपुढे सरकवून म्हणाले, "हं, भर आता. एकूण अकरा गुण. कसे वाटायचे ते तू ठरव."

मुलीला घरात ठकू म्हणत. चौदा वर्षांची होती तेव्हा. अंगाने काटकुळी, आणि चार पावलं धावली की छातीत घरघर सुरू व्हायची. शाळेच्या मैदानावर तिची जागा कायम बाकावर, इतरांच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळत. आई ती सात वर्षांची असतानाच गेलेली. रविवारी दुपारी बापलेक दोन खोल्यांत दोन पुस्तकं उघडून बसायची, ते बघवेना म्हणून धाकट्या काकाने कुठूनसा तो खेळ पैदा केला होता.

काका बेकरीत पाव भाजायचा. दंड हे असे, हातांना कायम पिठाचा वास, आणि आवाज भट्टीशी बोलून बोलून मोठा झालेला. गोष्ट चालवायचे साहेब, आणि चौथ्या होत्या वरच्या मजल्यावरच्या नर्सबाई. दवाखान्यातली पाळी संपली की त्या पांढऱ्या बुटांसकट येऊन बसायच्या आणि "मला मेलं काही कळत नाही तुमचं" म्हणत सगळ्यांपेक्षा जास्त रमायच्या.

ठकूने पेन्सिल घेतली. ताकदीच्या चौकटीत दोन लिहिले. चपळाईच्या चौकटीत नऊ. तो नऊ तिने इतका दाबून लिहिला, की त्याचा वळ माझ्या पाठीवर उमटला. तलवारीच्या चौकटीत लिहिलं, पातळ. काकाने स्वतःच्या कागदावर नेमकं उलटं केलं. ताकद नऊ, चपळाई दोन आणि दोन्ही हातांनी उचलायची जड तलवार.

माझे ते दिवस फार सुखाचे होते. सुई कौलांवरून पळायची. दोरीवरून नदी ओलांडायची. हत्यारं उगारलेल्या तिघांच्या मधून अशी निसटायची, की ते एकमेकांवरच आपटायचे. ठकू हे सगळं उभी राहून सांगायची, हातवारे करत, एका दमात. आणि सांगताना तिच्या छातीत एकदाही घरघर व्हायची नाही. ते फक्त माझ्या आणि नर्सबाईंच्या लक्षात आलं होतं. नर्सबाई तिच्याकडे बघत राहायच्या आणि आपली फासा टाकायची पाळी विसरायच्या.

आता खोट कुठे होती तेही सांगायला हवं, कारण खोट होतीच. खेळाच्या पुस्तकातला नियम असा, की पातळ तलवार घेणाऱ्याने वारासाठी चपळाई मोजायची. घाव किती खोल गेला, त्यालाही चपळाईच. समोरच्याचा वार चुकवायला चपळाई, आणि पहिला हात कुणाचा हे ठरवायलाही चपळाई. जड तलवारवाल्याला ताकद कामाला यायची ती फक्त वाराला आणि घावाला. म्हणजे एक गुण चार कामं करायचा आणि दुसरा दोनच. काका बिचारा ते अवजड धूड उचलेपर्यंत लढाई आटोपलेली असायची.

"मी काय करू इथे?" काका म्हणायचा. "प्रेतं गोळा करू?"

दुसऱ्या वर्षी त्याने वैतागून आपल्या पहिलवानाचा कागद फाडला आणि नव्या कागदावर चपळाई नऊ लिहून पातळ तलवार घेतली. "घ्या. आता मीही नाचतो." नर्सबाईंची वैदीण आधीपासूनच पातळ तलवार बाळगून होती, का तर म्हणे ती पिशवीत मावते. एकूण टेबलावर तीन पातळ तलवारी झाल्या. तिघंही सारखंच लढायचे, सारखंच निसटायचे. गंमत उडून गेली. निवड करायला काही उरलंच नाही तर निवडीला अर्थ काय? साहेबांच्या कपाळावर ती आठी आली, जी दुकानातला काटा मोकळा असतानाही शून्यावर उभा राहत नसला की यायची.

साहेबांचा स्वभाव सांगितल्याशिवाय हे कळणार नाही. त्या घरात पाव कापला, की मोठा तुकडा पाहुण्याला, मधला भावाला आणि कडेचा कोपरा मुलीला. शाळेच्या प्रदर्शनात साहेबांना परीक्षक म्हणून बोलावलं, तर त्यांनी ठकूच्या पाणचक्कीला मुद्दाम दोन गुण कमी दिले आणि तिचा पहिला नंबर गेला. घरी आल्यावर साहेबच म्हणाले, "ज्याचा काटा आपल्या घराकडे झुकतो त्याने दुसऱ्याचे काटे तपासू नयेत, ठकू." ती म्हणाली, "हो बाबा." तिच्या तोंडात ते दोन शब्द इतके बसले होते, की ते उच्चारताना ओठसुद्धा धड उघडायचे नाहीत.

साहेब वाईट नव्हते. मी त्यांच्या पिशवीत तीन आठवडे काढले आहेत, मला ठाऊक आहे. नियम दुरुस्त करायचा म्हणून ते मला नमुन्यादाखल सोबत घेऊन फिरत होते. पिशवीत एक लाकडी पेटी, आत मखमलीच्या खाचांत बसवलेली पितळी वजनं, शिशाची सीलं आणि ती दाबायचा चिमटा. दुकानात शिरले की चहा नाही, पाणी नाही. आधी काटा मोकळा बघायचे. मग वजन पारड्याच्या मधोमध ठेवायचे, मग चारही कडांना एकेकदा. वजन हाताने उचलायचे नाहीत, चिमटीतल्या कापडाने, बोटांच्या घामाने वजन बदलू नये म्हणून. एका दुकानदाराने पारड्याखाली लोहचुंबक चिकटवून ठेवलं होतं. साहेबांनी ते काढून त्याच्या गल्ल्यावर ठेवलं आणि काट्याला सील ठोकलं, आवाज न चढवता. काटा मारणाऱ्याचा त्यांना राग नव्हता, किळस होती.

दुपारी ते बाकावर डबा खायचे आणि मला मांडीवर घेऊन आकडेमोड करायचे. तीन दुरुस्त्या त्यांनी लिहिल्या. पहिली, पातळ तलवारीचा घाव चपळाईने नाही, ताकदीने मोजायचा. दुसरी, समोरच्याच्या अंगात चिलखत असेल तर पातळ तलवारीच्या घावातून दोन गुण वजा. तिसरी, पहिला हात कुणाचा हे चपळाईवर नाही, दर फेरीला नुसता फासा टाकून ठरवायचं.

रविवारी त्यांनी हे वाचून दाखवलं. ठकू तेव्हा सतरा वर्षांची होती. काकाने बोटांवर काहीतरी मोजलं आणि त्याचा चेहरा उतरला. वास्तविक तक्रार त्याचीच होती.

"दादा, एवढं नको. यातली एक दुरुस्ती पुरे होती. तू तिन्ही घातल्यास."

"एकच घातली असती तर लोक म्हणाले असते, मुलीच्या तलवारीला सांभाळून घेतलं."

"कोण लोक? टेबलाशी चार माणसं आहेत, त्यातला एक मी आहे!"

साहेबांनी चष्मा पुसला. "तू आधी करून बघितलंस का रे?" काका पुन्हा म्हणाला. "तुझ्या त्या काट्यांसारखं? वजन घालून?"

त्यांनी करून बघितलं नव्हतं. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात न तपासता एका काट्यावर शिक्का मारला नाही, त्याने हा मारला. का, ते मी सांगतो. तपासायचं तर पोरीच्या बाजूने शंभर वेळा फासा टाकावा लागला असता, तिला जिंकताना बघावं लागलं असतं, आणि आपण मनातून तिच्या बाजूचे आहोत हे त्यांना कळलं असतं. त्या कळण्याची त्यांना भीती होती. कागदाला असली अक्कल कुठून, असं म्हणू नका. मी त्यांच्या मांडीवर होतो. माझ्या नऊवर त्यांचा अंगठा किती वेळा फिरला, ते मी मोजलंय.

"नियम बरोबर आहे, काका," ठकू म्हणाली. "खेळू या."

त्या दिवशी पुलावर पहारेकरी होता. लोखंडी चिलखत, दोन हातांची जड तलवार, अंगात तीस गुण जीव. काका आणि नर्सबाईंची माणसं मागे दारापाशी अडकली होती. पुलावर सुई एकटी. तिने सात वार केले, साती बसले. आधीच्या नियमाने तो तिसऱ्या वारालाच पडला असता. पण आता घाव म्हणजे ओरखडे. एका वाराला सहा गुण, बाकी कधी तीन, कधी चार. सात वारांनंतर पहारेकऱ्याच्या अंगात तीन गुण उरले होते आणि सुईच्या अंगात पाच.

कोणाचा हात पहिला, यासाठी फासा टाकला. पहारेकऱ्याचा आला.

साहेब फासा नेहमी उघड्यावर टाकायचे, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. आकडा पडला. वार बसला. घावाचा फासा टाकला. आठ.

नर्सबाई म्हणाल्या, "अहो, माझ्याकडे औषधाची कुपी आहे. मी धावत जाते."

"दोन फेऱ्या लागतील, बाई."

"मग दोन फेऱ्या थांबा की! कुणाचं काय जातंय?"

काकाने आपला भलामोठा हात ठकूच्या पाठीवर ठेवला. ठकू बापाकडे बघत होती. डोळ्यांत पाणी नव्हतं. ती वाट बघत होती, एवढंच. आयुष्यभर ज्याची वाट बघितली त्याचीच. साहेब एकदा 'बरं, असू दे' म्हणाले असते तर पुरलं असतं. फासा न हलवता, नियम न बदलता, नुसतं एकदा हळहळले असते तरी पुरलं असतं.

साहेबांनी मला आपल्याकडे ओढलं, पेनाचं टोपण काढलं आणि वरच्या कोपऱ्यात शाईने लिहिलं, मृत. खाली तारीख. सवयीने सहीसुद्धा केली.

"नवा कागद आखून देतो तुला," ते म्हणाले.

"नको बाबा."

"जड तलवार घेऊन बघ या वेळी. आता ती बरोबरीत आली आहे."

"नको. मला अभ्यास आहे."

ती पुन्हा कधी खेळायला बसली नाही. साहेबांना वाटलं रुसली, होईल सरळ. दोन रविवार काका येऊन बसला, मग त्याचंही येणं कमी झालं. वर्षाच्या आत ठकू दुसऱ्या शहरात शिकायला गेली. कवळ्या बनवायचं काम शिकली, दंतवैद्यांना दात करून देणाऱ्या एका कारखान्यात लागली आणि तिथलीच झाली. फोन यायचा. जेवलात का. हो. तू. हो. औषध घेतेस ना. हो बाबा. ठेवू? ठेव. घड्याळ लावून बघितलंत तर एक मिनिटाच्या वर कधी गेला नसेल.

मी साहेबांच्या कपाटात, खेळाच्या खोक्यात पडून राहिलो. अंधाराची मला सवय झाली. पेन्सिलीचे आकडे पुसट होत गेले. तो दाबून लिहिलेला नऊ तेवढा टिकला. काका वारला तेव्हा खोलीत माणसांची ये-जा ऐकू आली. त्यात ठकूचा आवाज होता, पण कपाट कुणी उघडलं नाही.

साहेब निवृत्त झाले. तपासायला काटा नाही, मारायला सील नाही. अशा एका रिकाम्या सकाळी त्यांनी खोकं उघडलं, मला बाहेर काढलं आणि बराच वेळ कोपऱ्यातल्या आपल्याच सहीकडे बघत बसले. मग टेबल पुसलं, कोऱ्या कागदाची चवड घेतली आणि काकाने पंधरा वर्षांपूर्वी सांगितलेलं काम सुरू केलं. वजन घालून बघायचं.

शंभर लढाया लढले ते. एका बाजूला मी, पातळ तलवार. दुसऱ्या बाजूला तो पहारेकरी. दोन्हीकडून तेच फासा टाकायचे आणि कागदावर रेघ ओढायचे. पुस्तकातल्या मूळ नियमाने शंभरातल्या त्र्याऐंशी लढाया सुईने जिंकल्या. म्हणजे खोट होती, ते चुकले नव्हते. मग तिन्ही दुरुस्त्या लावून पुन्हा शंभर. सुई अकरा जिंकली. अकरा! साहेबांनी रेघा दोनदा मोजल्या. मग फक्त पहिली दुरुस्ती ठेवून, बाकीच्या दोन काढून, पुन्हा शंभर. एकोणपन्नास.

तीनशे लढाया व्हायला बारा दिवस लागले. शेवटच्या दिवशी त्यांनी त्या कागदाखाली लिहिलं, 'तीन दुरुस्त्यांसह त्रुटी मर्यादेबाहेर. काटा वापरण्यास अयोग्य.' आणि डोकं टेबलावर टेकलं. मी त्यांच्या कपाळाखाली होतो. माणसाचं रडणं मी पहिल्यांदाच इतक्या जवळून बघितलं. शाई फुटली नाही, कारण साहेब नेहमी चांगली शाई वापरत.

त्यांनी फोन लावला. "ठकू, तो पुलावरचा पहारेकरी. माझा नियम चुकला होता."

"कुठला पहारेकरी, बाबा?" मागे कसलंसं यंत्र घरघरत होतं. मग यंत्र थांबलं. "अच्छा. तो." यंत्र पुन्हा सुरू झालं. "बाबा, खेळ होता तो. आता त्याचं काय. माझे हात प्लास्टरने भरलेत, ठेवू?"

"ठेव," साहेब म्हणाले. रिसीव्हर मात्र बराच वेळ कानालाच होता.

पुढच्याच महिन्यात त्यांना झटका आला. उजवं अंग गेलं आणि बोलणंही जवळजवळ गेलं. ठकू दोन आठवड्यांची रजा काढून आली. केसांत पांढरी बट, दम्याचा पंप पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात. नर्सबाई आता म्हाताऱ्या झाल्या होत्या, तरी जिन्याचा कठडा धरून दिवसातून दोनदा खाली यायच्या, साहेबांना कुशीवर वळवायच्या आणि ठकूला शिकवायच्या. "खांदा ओढू नकोस गं, पाठीखाली हात घाल. हं, असं."

साहेब डाव्या हाताने कपाटाकडे बोट दाखवायचे. ठकूने चष्मा आणून दिला. नको. औषधाचा डबा. नको. आईचा फोटो. नको. बँकेचं पुस्तक आणलं, तेव्हा तर त्यांनी रागाने मानच फिरवली. दोन दिवस हे चाललं. तिसऱ्या दिवशी नर्सबाईच म्हणाल्या, "ते खोकं बघ बाई एकदा."

असा मी पुन्हा तिच्या हातात आलो. तिचे हात बदलले होते, बोटांची टोकं प्लास्टरने खरखरीत झालेली. तिने कोपऱ्यातला शब्द वाचला, नऊवरून बोट फिरवलं. मग तिला तीनशे रेघांचा कागद दिसला. खिडकीपाशी उभी राहून तिने तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. एकेक रेघ मोजली असणार, कारण खूप वेळ लागला.

"हे तुम्ही माझ्यासाठी केलंत?"

साहेबांनी डोळे मिटून उघडले.

तिने पलंगावर जेवणाचा ट्रे आडवा ठेवला, त्यावर मला पसरलं आणि फासे काढले. "चला. जिथे थांबलो होतो तिथून. पहारेकऱ्यात तीन, माझ्यात पाच. तुमच्या नव्या नियमाने. पहिला हात आता माझा, चपळाई माझी जास्त आहे." आवाज थोडा चढला होता, चौदाव्या वर्षी चढायचा तसा. "माझे नऊ धरूनही फाशावर अकरा किंवा वर हवेत. बरोबर ना?"

साहेबांनी मान हलवली. नर्सबाईंनी खुर्ची पुढे ओढली.

ठकूने फासा टाकला. चार.

नियम आता चोख होता, आणि चोख नियमाने वार हुकला होता. तिने फासा बापाच्या डाव्या हातात दिला. त्यांनी तो टाकला नाही, सोडला. फासा ट्रेवरून घरंगळत माझ्या मधल्या घडीपाशी येऊन थांबला. अठरा. वार बसला. त्या जड तलवारीच्या एका घावात पाच गुण संपणारच होते.

तेवढ्यात ट्रेच्या कडेला काहीतरी हललं. साहेबांचा उजवा हात. झटका आल्यापासून पांघरुणावर ठेवल्या जागी पडून असलेला. तो ट्रेवर आला नाही, आणलाच त्यांनी, खांद्याच्या जोराने, इंच इंच ओढत. कपाळावरची शीर फुगली. ठकूला वाटलं त्यांना पुन्हा टाकायचाय. "थांबा, मी देते," ती म्हणाली. त्यांनी मान हलवली, नाही. तर्जनी माझ्यावरून सरकत फाशापाशी आली आणि त्याच्या कडेला टेकली. त्यांना फासा टाकायचा नव्हता. उलटवायचा होता.

ज्याने सख्ख्या भावाच्या बेकरीतला काटासुद्धा दरवर्षी सील तोडून तपासला, तो माणूस भरदिवसा, साक्षीदारासमोर, पोरीसाठी काटा मारत होता. आणि त्याच्याने मारवत नव्हता. बोटात जोर नव्हता. फासा जागचा हलला नाही.

नर्सबाईंनी तोंडाला पदर लावला.

ठकूने बापाच्या बोटावर आपला हात ठेवला. फासा तिनेही उलटवला नाही. "राहू द्या, बाबा," ती म्हणाली. "दिसलं मला." आणि मग ती ट्रेवर डोकं ठेवून मोठ्याने रडली, छातीत घरघर होईपर्यंत रडली. साहेबांचं बोट तिच्या केसांखाली अडकलं होतं, ते त्यांनी काढून घेतलं नाही.

त्यानंतर आठव्या दिवशी साहेब गेले.

पितळी वजनांची पेटी तिने नर्सबाईंना ठेवायला दिली, कपाट विकलं. मला मात्र पर्समध्ये घातलं. आता मी कारखान्यात तिच्या टेबलाच्या वरच्या खणात असतो, दातांच्या साच्यांच्या शेजारी. अंगावर प्लास्टरची पांढरी पूड बसते. मधली घडी आता फार दिवस तग धरणार नाही. ती कधी खण उघडते, मला बघते आणि बंद करते. नवा खेळ कुणाबरोबर मांडत नाही. काका नाही, साहेब नाहीत, मांडणार कुणाबरोबर? कोपऱ्यातला शब्द शाईचा आहे, तो पुसणार नाही. पण त्या दिवशीच्या घावानंतर तिने त्याखाली पुन्हा 'मृत' लिहिलं नाही, एवढं मात्र खरं.

माझं सांगून झालं. तुमच्या घरातल्या टेबलाशी कुणी काटकुळं पोर बसत असेल, तर या जुन्या कागदाचं एक ऐका. नियम सगळ्यांना सारखा ठेवा, फासा उघड्यावर टाका, मी त्याच्या आड येत नाही. पण आपण त्याच्या बाजूचे आहोत, हे त्याला एकदा तरी दिसू द्या. हात चालतोय तोवर दिसू द्या.